जुडीपुढे थांबलेली डिव्हिजन

"आधी घोडा, मग शिपाई, आणि उरलं तर जनरल."

आल्बान रीडल हे वाक्य लेफ्टनंट असल्यापासून म्हणत. तेव्हा त्यातला जनरल दुसरा कोणी असे. पुढे ते स्वतः जनरल झाले, तरी वाक्य बदललं नाही आणि जेवणाची पाळीही बदलली नाही. घोड्यांच्या तोबऱ्यात ओट पडले, शिपायांची आमटी वाटून झाली, की ते एखाद्या दगडावर बसत आणि काळा पाव आणि मुळा खात. मुळा चिरून मीठ लावून ठेवायचं काम किलियानचं. मुळा रडल्याशिवाय खाऊ नये, असं त्या मुलुखात म्हणतात. मीठ लागून त्याला पाणी सुटलं पाहिजे. किलियानने चिरलेला मुळा नीट रडायचा.

किलियान डॉट्सलर हा जनरलसाहेबांचा मोतद्दार. बियरला लागणाऱ्या हॉपच्या वेली लावणाऱ्या एका फ्रँकोनियन गावातून सक्तीच्या भरतीत तो पलटणीत आला, आणि घोडा सांभाळायचा हात चांगला म्हणून लेफ्टनंट रीडलच्या तबेल्यात लागला. तीन वर्षांनी सुटका झाली तेव्हा रीडलनी त्याला विचारलं, घरी कोण आहे. थोरला भाऊ आहे, म्हणाला, आणि भावाची बायको आहे. भावाची बायको आहे हे त्याने ज्या सुरात सांगितलं तो ऐकून रीडल म्हणाले, मग राहा. तो राहिला. ही गोष्ट १९०९ सालची आहे, आणि तोवर त्याला राहून सव्वीस वर्षं झाली होती.

रीडल हे वनरक्षकाचे चिरंजीव. श्टायगरच्या जंगलात वडिलांचं लाकडी घर होतं, दारात शिकारी कुत्रा आणि मागे फरच्या रोपांची वाडी. फ्रान्सशी शेवटची लढाई झाली तेव्हा रीडल सतरा वर्षांचे होते आणि म्युनिकच्या सैनिकी शाळेत शिकत होते. परीक्षा लवकर घेतल्या, गणवेशाची मापं दिली. गणवेश शिंप्याकडून यायच्या आत तह झाला. त्यानंतर अडतीस वर्षं लढाई आली नाही. एक माणूस बावीस वर्षांचा, तीस वर्षांचा, पन्नास वर्षांचा झाला. लेफ्टनंटाचा कॅप्टन, कॅप्टनचा मेजर, कर्नल, जनरल झाला. हजारो पोरांना त्याने बंदूक धरायला शिकवली, बूट कसे तेलात मुरवावेत ते शिकवलं, आणि त्यातलं एकही पोर गोळी लागून मेलं नाही. दोन बुडून मेले, एक गोवराने गेला, एकाने प्रेमात पडून जीव दिला. त्या चौघांची नावं जनरलसाहेबांना पाठ होती.

बढत्या त्यांना उशिरा मिळाल्या. ज्यांच्या नावात 'फॉन' होतं ते खानदानी लोक पुढे गेले. वनरक्षकाचा मुलगा आपल्या वेळेला पोचला. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. लग्न झालं, बायको ओटिली चौथ्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेली, मूल नव्हतं. मग घरात ते आणि किलियान असे दोघेच उरले, आणि तबेल्यात दोन घोड्या.

संध्याकाळी बियरचा एकच मग घेऊन ते कधी कधी लहानपणची एक हकिकत सांगत. किलियानने ती शंभरदा ऐकली असेल. जंगलात नवी रोपं लावली की त्या तुकड्याच्या कडेला खांब रोवून वर पेंढ्याची जुडी बांधत. जुडी दिसली की शेळ्या-मेंढ्या घालायच्या नाहीत, गाडी घालायची नाही, पाऊलही घालायचं नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही समजावा असा तो कायदा. सात वर्षांच्या आल्बानने एकदा एका साळूच्या पिलाला अंथरूण हवं म्हणून एक जुडी सोडून नेली. वडिलांनी मारलं नाही. त्यांनी पोराचा दंड धरला, जिथे जुडी होती तिथे नेऊन उभं केलं आणि एक हात वर करायला लावला. संध्याकाळपर्यंत जुडी तू, म्हणाले, आणि निघून गेले.

"दुपारी मेंढपाळ आला," जनरलसाहेब सांगत. "मला बघितलं, काही बोलला नाही, कळप वळवून घेऊन गेला. शंभर मेंढ्या, किलियान, सात वर्षांच्या पोराकडे बघून वळल्या. एवढी सत्ता मला पुन्हा कधी मिळाली नाही."

किलियान दरवेळी हसे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक कोअर रिकामी होणार अशी बातमी छावणीत पसरली. कोअर म्हणजे दोन डिव्हिजन, आणि कोअरचा सेनापती म्हणजे मग वर फक्त राजा. जागा एक आणि लायक माणसं दोन, त्यातले एक रीडल. सप्टेंबरच्या मोठ्या युद्धसरावात काय होतं यावर ते ठरणार होतं. ज्याला कोअर मिळणार नाही त्याला म्युनिकहून निळा लिफाफा येणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. निळ्या लिफाफ्यात कोणाला काढून टाकलेलं नसतं. आपली प्रकृती अलीकडे ठीक नसते असं ऐकतो, तर आपणच निवृत्तीचा अर्ज करावा, एवढंच त्यात असतं. धडधाकट माणसं तो लिफाफा वाचून आजारी पडत.

किलियानला हुद्द्यांत रस नव्हता, पण साहेबांना कोअर मिळायला हवी होती. अडतीस वर्षं एक माणूस पहाटे चारला उठतो, आपल्या आधी घोड्यांचं पाणी बघतो, त्याला एकदा तरी कोणीतरी म्हणावं की बाबा, नीट केलंस. तो देवळात फारसा जात नसे. त्या ऑगस्टमध्ये दोनदा गेला.

सरावाचा तिसरा दिवस ठरवणारा होता. रीडलची डिव्हिजन तांबड्या बाजूची. साडेआठच्या आत चॅपलची टेकडी गाठायची, म्हणजे पलीकडून येणाऱ्या निळ्या बाजूच्या तोफा वर चढायच्या आत टेकडी आपली. पहाटे दाट धुकं होतं आणि ते तांबड्या बाजूच्या सोयीचं होतं. आठ हजार माणसं न बोलता चालत होती. पट्ट्यांची करकर आणि घोड्यांचं फुरफुरणं सोडलं तर काही ऐकू येत नव्हतं. आठला दहा कमी असताना ते हिर्शलोह गावाच्या खाली आले. समोर दोन्ही बाजूंना हॉपच्या बागा होत्या. वेली उतरवल्या होत्या, पण दोन पुरुष उंचीचे खांब आणि त्यांच्यामधल्या तारा तशाच होत्या. त्यातून तोफगाडा जाणं शक्य नव्हतं. दोन बागांच्या मधे दोनशे पावलं रुंदीचं एक वावर होतं, आणि त्याच्या पलीकडे टेकडीचा चढ. पंधरा मिनिटांचं काम होतं.

वावराच्या तोंडाशी खांब होता आणि खांबावर पेंढ्याची जुडी.

सरावाचा नियम साधा होता. उभ्या पिकाच्या वावराला गावचा राखणदार जुडी लावणार आणि फौजेने तिथे शिरायचं नाही. नियम साधा आणि तो किती पाळायचा तेही सगळ्यांना माहीत. वरिष्ठ बघत असले आणि टेकडी समोर असली की घोडे जुडीवरून जात, आणि मागून सरकारी माणूस येऊन शेतकऱ्याला नुकसानभरपाई देई. शेतकरीही त्यावर नाखूष नसे.

जनरलसाहेबांनी हात वर केला. डिव्हिजन थांबली.

त्यांचे प्रमुख मदतनीस मेजर फॉन एल्स्टर घोडा पुढे घेऊन आले. ते तीस-बत्तिशीचे, हुशार, आणि घाईतले. त्यांनी वावराकडे पाहिलं आणि मोकळेपणाने हसले. वावर रिकामं होतं. बटाटे काढून झाले होते, वाळलेल्या वेलांचे ढीगसुद्धा जाळून झाले होते, काळी माती उघडी पडली होती. मेजर म्हणाले की पीकच नाही, राखणदार जुडी काढायला विसरला आहे.

"विसरला असेल," जनरलसाहेब म्हणाले. "मग त्याला बोलवा."

मेजरना वाटलं की ही थट्टा आहे. मग त्यांनी जनरलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओढ्याच्या रस्त्याने वळसा घातला तर पाऊण तास लागणार होता. राखणदाराला शोधून आणणं त्यापेक्षा बरं, असं जनरलसाहेबांनी शांतपणे सांगितलं. ज्याने जुडी लावली त्यानेच ती काढायची. घोडदळातला एक स्वार गावाकडे सुटला.

पाच मिनिटं झाली. मग दहा. मागे ओळीतून कुजबुज सुरू झाली आणि सार्जंटांनी ती दाबली. धुकं वरून पातळ होऊ लागलं होतं. चॅपलच्या छपरावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा दिसायला लागला.

किलियान दुसरी घोडी, लीझल, लगामाने धरून खांबापासून सहा पावलांवर उभा होता. मेजर फॉन एल्स्टर पायउतार झाले, सिगारची राख झाडल्यासारखं करत त्याच्याजवळ आले आणि त्याच्याकडे न बघता बोलले.

"घोडी तरुण आहे ना ही?"

"सात वर्षांची आहे, मेजरसाहेब."

"म्हणजे भडकू शकते. भडकली, मागे सरकली, खांबावर गेली, खांब आडवा. अशा गोष्टी होतात. कोणाचाच दोष नसतो."

"ही तोफेलाही भडकत नाही, साहेब."

"आज भडकू दे," मेजर म्हणाले. "म्हाताऱ्याचं भलं व्हावं असं वाटतं ना तुला? मग ऐक. मला त्यांच्यासमोर खांब पाडता येत नाही. तुला येतो."

आणि ते परत आपल्या घोड्याकडे गेले.

मेजर खोटं बोलत नव्हते. किलियानला खांब पाडायला काही लागलं नसतं. लीझलच्या ओठाखाली अंगठा एका विशिष्ट जागी दाबला की ती झटक्याने मागे जाते, हे त्याला आणि फक्त त्यालाच ठाऊक होतं. खांब पक्का रोवलेला नव्हता, नुसता मातीत खुपसलेला. खांब पडला असता, डिव्हिजन वावरातून गेली असती, साडेआठच्या आत टेकडीवर तांबडं निशाण लागलं असतं. त्याने अंगठा तिच्या ओठापाशी नेला. घोडीने कान मागे केले. तिला समजलं होतं.

त्याने जनरलसाहेबांकडे पाहिलं. ते घोड्यावर ताठ बसले होते, तोंड टेकडीकडे, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर होता. किलियानच्या मनात आलं की आज संध्याकाळी आपण त्यांच्यासमोर मुळा चिरत बसू, ते म्हणतील लीझलला आज काय झालं रे, आणि आपल्याला उत्तर द्यावं लागेल. आजच नव्हे, पुढे रोज. सव्वीस वर्षांत त्याने त्या माणसाच्या पाठीमागे काही केलं नव्हतं. त्याने अंगठा काढून घेतला आणि घोडीच्या कपाळावरचे केस नीट केले.

राखणदार गावात नव्हताच. अर्धं गाव लढाई बघायला टोपल्या भरून चॅपलच्या टेकडीवर जाऊन बसलं होतं, आणि राखणदारही त्यांच्यातच होता. म्हणजे जी टेकडी आठ हजार माणसांना गाठायची होती ती त्या एकट्या स्वाराने सगळ्यांच्या आधी गाठली. परत आला तेव्हा त्याच्या मागे शोर्श केर्न बसला होता, पन्नाशीचा, पितळी बिल्ला छातीवर, एका हाताने स्वाराच्या कमरेला धरलेलं आणि दुसऱ्या हातात अर्धी सॉसेज. खाली उतरून त्याने सॉसेज खिशात टाकली आणि टोपी काढली.

जनरलसाहेबांनी विचारलं, जुडी त्याने लावली का. लावली तर होती, शोर्श म्हणाला, बटाट्यांसाठी. बटाटे काढून आठ दिवस झाले. आज काढू, उद्या काढू, करत राहून गेलं.

"मग आता काढा."

शोर्शने मागे उभ्या असलेल्या फौजेकडे पाहिलं. ओळ धुक्यात कुठे संपते ते दिसत नव्हतं.

"ह्याच्यासाठी मला आणलंत होय?" तो म्हणाला. "साहेब, ही तर कोणीही उपटली असती."

"कोणीही लावली असती का?"

शोर्शने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्याने जाऊन खांब उपटला, खांद्यावर टाकला आणि बाजूला उभा राहिला. जनरलसाहेबांनी त्याला हात कपाळाला लावून सलाम केला, जसा बरोबरीच्या अधिकाऱ्याला करतात तसा, आणि डिव्हिजन पुढे सरकली. अठ्ठावीस मिनिटं गेली होती.

चढ अर्धा झाला तेव्हा धुकं उठलं. वर चॅपलच्या भिंतीशी निळ्या बाजूच्या तोफा लागलेल्या होत्या. दंडावर पांढरी पट्टी बांधलेला पंच घोडा दौडवत आला, घड्याळ बघितलं, आणि म्हणाला की तांबडी डिव्हिजन उद्ध्वस्त झाली आहे. टेकडीवरच्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोण जिंकलं ते त्यांना कळलं नव्हतं, पण तोफा छान वाजल्या होत्या.

दुपारी सगळे अधिकारी टेकडीवर जमले. सरावानंतर वरिष्ठ सगळ्यांसमोर चुका सांगतात, तशी पद्धत आहे. म्युनिकहून आलेले वृद्ध निरीक्षक मधे उभे होते. किलियान घोड्या धरून पंधरा पावलांवर होता, आणि मोतद्दारांना कान नसतात अशी अधिकाऱ्यांची समजूत असल्यामुळे त्याला सगळं ऐकू आलं.

निरीक्षक म्हणाले, "रीडल, डिव्हिजन नदीपुढे थांबलेली मी पाहिली आहे. तोफांपुढे थांबलेली पाहिली आहे. बटाट्यांपुढे थांबलेली आज पहिल्यांदा पाहिली."

"बटाटे काढून झाले होते, महोदय," जनरलसाहेब म्हणाले.

दोनशे अधिकारी हसले. निरीक्षक हसले नाहीत.

"तेच तर मला कळत नाही," ते म्हणाले.

रीडलनी टाचा जुळवून सलाम केला. मेंढपाळाची हकिकत त्या जागी सांगण्यासारखी नव्हती.

लिफाफा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. जनरलसाहेबांनी तो न्याहारीच्या टेबलावर उघडला, वाचला, घडी घातली, आणि उरलेलं अंडं खाल्लं. मग प्रकृती ठीक नसल्याचा अर्ज लिहायला बसले. सव्वीस वर्षांत त्यांना साधी सर्दी झालेली किलियानला आठवत नव्हती. एक घोडी विकली गेली. लीझल त्यांनी ठेवली आणि ती आधीच मालगाडीने जंगलातल्या घराकडे गेली.

निघायच्या दिवशी सकाळी दोघे शेवटची पेटी भरत होते. किलियान गणवेशाच्या बाह्यांत कागद कोंबत होता, घड्या पडू नयेत म्हणून. सहा आठवडे त्याच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती आता बाहेर पडली. त्याने सगळं सांगितलं. मेजर काय म्हणाले, अंगठा कुठपर्यंत गेला होता, सगळं. मग म्हणाला की साहेब, तुमची कोअर माझ्या हातात होती आणि मी ती घालवली.

जनरलसाहेब मोजे गुंडाळत होते. ते गुंडाळतच राहिले.

"मेजर काय म्हणाला ते मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "बायको गेल्यापासून माझे कान तिखट झालेत. घरात आवाजच नाही ना."

"ऐकलंत? मग काही बोलला नाहीत?"

"घोडी भडकली असती तर मी पुढे गेलो असतो."

किलियानला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तो कागदाचा बोळा हातात घेऊन उभा राहिला.

"काही विचारलं नसतं मी," जनरलसाहेब म्हणाले. "तुला नाही, कोणालाच नाही. तोंड मुद्दाम टेकडीकडे केलं होतं. वाट बघत होतो, किलियान. दहा मिनिटं मी घोडी भडकायची वाट बघत होतो."

त्यांनी मोज्यांचा जोड पेटीत ठेवला आणि दुसरा घेतला.

"माझ्या बापाने मला एक दिवस जुडी केलं," ते म्हणाले. "तू त्या दिवशी मला जुडीच राहू दिलंस. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की नाही ते अजून ठरलेलं नाही माझं. ठरलं की सांगेन."

किलियानने हातातला बोळा बाहीत कोंबला. त्याने पेटीचं झाकण लावलं आणि वर गुडघा टेकून पट्टा आवळला.

गाडीवान अकराला येणार होता. सव्वाअकरा झाले तरी आला नाही. आगगाडी बाराला दहा कमी असताना होती. पेट्या छावणीच्या फाटकात काढून ठेवल्या होत्या. जनरलसाहेबांनी साधा करडा कोट घातला होता आणि डोक्यावर नवी फेल्टची हॅट. ती त्यांना शोभत नव्हती. गणवेशाच्या टोपीची सवय असलेल्या कपाळावर ती परक्यासारखी बसली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि किलियानला सांगितलं की तू सामान घेऊन नंतरच्या गाडीने ये, मी चालत पुढे होतो. मग त्यांनी हातातली काठी एकदा तोलून पाहिली आणि निघाले.

फाटकावरचा शिपाई आठवड्यापूर्वीच भरती झालेला होता. हा कोण म्हातारा, याला बंदूक उचलून सलामी द्यायची की नाही, त्याला कळेना. त्याने बंदूक अर्धी उचलली आणि तशीच धरून ठेवली. कांदेवाली बाई तिच्या हातगाडीपाशी उभी होती. तिने पाहिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. किलियान पेटीवर बसून पाहत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं होती आणि पानं खूप गळली होती. जनरलसाहेब रस्त्याच्या मधून न जाता कडेकडेने चालले होते, वेगाने, सैनिकाच्या पावलाने. कोपऱ्यावर बेकरीपाशी ते एका गाडीसाठी थांबले, गाडी जाऊ दिली, आणि पलीकडे गेले.

शिपायाने बंदूक खाली केली आणि किलियानला विचारलं, "कोण होते हो ते?"

किलियान अजून रस्त्याकडेच बघत होता.